ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टाचे समन्स आणि सोबत जोडलेले जुने निकाल: कशाला किती महत्त्व द्यायचे

प्रश्न थोडक्यात असा. शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री पंपाची कास्टिंग्ज ओहायोतल्या वितरकाला विकते. त्या कास्टिंगचा एक पंप टेक्सासमधल्या कारखान्यात फुटला, आजूबाजूच्या यंत्रांचे नुकसान झाले आणि त्या कारखान्याने ह्यूस्टनच्या फेडरल जिल्हा न्यायालयात वितरक आणि फाउंड्री अशा दोघांवर दावा लावला. समन्स कुरिअरने आले, त्याची प्रत ईमेलवरही आली. वादीच्या वकिलाने परदेशी उत्पादकांविरुद्ध गेलेले तीन जुने निकाल जोडले आणि 'तडजोड करा' असे पत्र धाडले. मालकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: उत्तर द्यायलाच हवे का, आणि हे निकाल आम्हाला लागू होतात का?

उत्तर द्यायलाच हवे. पण ते कोणत्या क्रमाने द्यायचे यावर निम्मा दावा ठरतो. जोडलेल्या निकालांबद्दल सांगायचे तर कोर्ट कोणते, साल कोणते आणि निकाल दाव्याच्या कोणत्या टप्प्यावर दिलेला आहे, हे पाहिल्याशिवाय त्यातले एक वाक्यही मनावर घेऊ नका.

आधी मुदत. फेडरल दिवाणी नियमांप्रमाणे समन्सची बजावणी झाल्यापासून २१ दिवसांत कैफियत किंवा आक्षेपाचा अर्ज दाखल करावा लागतो. सुट्ट्याही यात मोजल्या जातात. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सरकारी सुट्टीचा असेल तरच मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते. कंपनीला वकिलाशिवाय फेडरल कोर्टात उभे राहता येत नाही, त्यामुळे संचालकाने लेटरहेडवर न्यायाधीशांना लिहिलेले नम्र पत्र कैफियत ठरत नाही. आपल्याकडचे बरेच उद्योजक नेमके तेच करतात, आणि मुदत उलटल्यावर वादी गैरहजेरीची नोंद मागतो. पहिल्या आठवड्यात टेक्सासमध्ये काम करणारा वकील नेमा. त्याच आठवड्यात विमा कंपनीलाही लेखी कळवा. प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसीत अमेरिका-कॅनडातले दावे धरले आहेत की वगळले आहेत, ते पॉलिसीच्या पुरवणीत लिहिलेले असते. उशिरा कळवले म्हणून विमा कंपनीने हात वर करण्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता बजावणी. एका देशाच्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात कसे पोचवायचे हे ठरवणाऱ्या हेग बजावणी करारात भारत २००७ पासून आहे, पण टपालाने थेट बजावणी करण्याच्या तरतुदीला (कलम १०) भारताने हरकत नोंदवली आहे. अधिकृत मार्ग असा: कागद दिल्लीला कायदा मंत्रालयाकडे जातात आणि तिथून जिल्हा न्यायालयामार्फत तुमच्याकडे येतात. याला काही महिने सहज लागतात. म्हणजे नुसते कुरिअर ही भारतात वैध बजावणी नाही. तरीही यावर विसंबून स्वस्थ बसू नये, याची तीन कारणे आहेत. पहिले, फेडरल नियम ४ खाली वादी कोर्टाची परवानगी घेऊन ईमेलने बजावणी करू शकतो. हेग करारात हरकत नोंदवणाऱ्या देशांबाबत हे चालते की नाही यावर अमेरिकी न्यायालयांत एकमत नाही, आणि बऱ्याच न्यायाधीशांनी ते चालवून घेतले आहे. दुसरे, तुमची अमेरिकेत उपकंपनी असेल आणि त्या राज्याचा कायदा तिला तुमची प्रतिनिधी मानत असेल, तर तिच्या हातात समन्स दिले की काम झाले, हेगचा प्रश्नच येत नाही. फोक्सवॅगनच्या १९८८च्या प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केले आहे. तिसरे म्हणजे बजावणी चुकीची ठरली तरी दावा संपत नाही. न्यायाधीश फक्त पुन्हा नीट बजावणी करायला सांगतात.

म्हणून मला एक मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. वादीकडून 'बजावणी माफ'चा, म्हणजे औपचारिक बजावणीचा आग्रह तुम्ही सोडता असे सांगणारा, रीतसर अर्ज मागवा आणि त्यावर सही करा. परदेशातल्या प्रतिवादीला त्यामुळे २१ ऐवजी ९० दिवस मिळतात, आणि ते अर्ज पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात. सही केली म्हणजे कोर्टाचे अधिकारक्षेत्र मान्य केले असे होत नाही. नियमातच तसे लिहिले आहे. कोल्हापुरात बसून जुन्या इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग शोधायला ९० दिवस म्हणजे मोठा आधार आहे.

यानंतर सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक येते. व्यक्तिगत अधिकारक्षेत्र नाही, ठिकाण चुकीचे आहे, समन्स सदोष आहे, बजावणी सदोष आहे, हे चार आक्षेप पहिल्याच अर्जात किंवा, अर्ज न करता थेट कैफियत दिली तर, त्या कैफियतीत घ्यावे लागतात. फेडरल नियम १२ प्रमाणे पहिल्या अर्जात फक्त 'दाव्यात दम नाही' एवढेच म्हटले आणि अधिकारक्षेत्राचा मुद्दा मागे ठेवला, तर तो कायमचा गेला. नंतर कितीही भक्कम पुरावा आणला तरी उपयोग नाही. आपल्या दिवाणी कोर्टांत कैफियतीची दुरुस्ती मागायची सवय असते, तिकडे या चार मुद्द्यांना ती सवलत जवळजवळ नाही.

तुमच्या प्रकरणात अधिकारक्षेत्राचा मुद्दा खराखुरा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. टेक्सासमधल्या कोर्टाला कोल्हापूरच्या फाउंड्रीवर हुकूम चालवता येतो का? फाउंड्रीचे घर टेक्सासमध्ये नाही. त्यामुळे तिच्यावर वाटेल तो दावा तिथे चालणार नाही, हे डाइमलर प्रकरणापासून (२०१४) पक्के आहे. उरते ते एवढेच की, या विशिष्ट दाव्यापुरता फाउंड्रीचा टेक्सासशी तिने स्वतः जोडलेला पुरेसा संबंध आहे का.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल तुमच्या बाजूने वाचता येतात. १९८७च्या असाही प्रकरणात जपानी कंपनीने ट्यूबचे व्हॉल्व्ह तैवानच्या टायर कंपनीला विकले होते आणि अपघात कॅलिफोर्नियात झाला. शेवटी वाद उरला होता तैवानी आणि जपानी कंपनीत, आणि तो कॅलिफोर्नियात चालवणे वाजवी नाही असे कोर्टाने ठरवले. २०११च्या निकास्त्रो प्रकरणाशी तर तुमची गोष्ट बरीच जुळते: इंग्लंडमधला यंत्रनिर्माता, ओहायोतला स्वतंत्र वितरक, आणि न्यू जर्सीत यंत्रावर काम करताना जखमी झालेला कामगार. नऊपैकी सहा न्यायमूर्तींनी न्यू जर्सीला अधिकारक्षेत्र नाही असे म्हटले. पण त्या सहा जणांचे कारण एक नव्हते. चौघांनी व्यापक तत्त्व मांडले. उरलेल्या दोघांनी, न्यायमूर्ती ब्रेयर आणि अलिटो यांनी, एवढेच म्हटले की एखाददुसऱ्या यंत्राची विक्री पुरेशी नाही आणि जुन्या निकालांवरूनच हे प्रकरण सुटते.

हा फरक तुम्हाला का महत्त्वाचा? कारण ह्यूस्टन पाचव्या सर्किटमध्ये, म्हणजे फेडरल अपील न्यायालयाच्या पाचव्या विभागात येते, आणि पाचव्या सर्किटने निकास्त्रोमधले ब्रेयर यांचे अरुंद मतच बंधनकारक मानले आहे. २०१३च्या एन्सवर्थ विरुद्ध मॉफेट प्रकरणात आयर्लंडची फोर्कलिफ्ट कंपनी होती आणि माल संपूर्ण अमेरिकेत एका वितरकामार्फत जात होता. त्या वितरकाने मिसिसिपीत साधारण दहा वर्षांत २०३ फोर्कलिफ्ट विकल्या होत्या. कंपनीच्या अमेरिकेतल्या विक्रीत हा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. तरीही अधिकारक्षेत्र आहे असा निकाल लागला. आपला माल त्या राज्यात पोचेल याची उत्पादकाला कल्पना असणे आणि तो खरोखर नियमित पोचणे, एवढे या सर्किटला पुरते. इतर काही सर्किट याहून जास्त काही मागतात. म्हणून वादीने जोडलेल्या तीन निकालांपैकी एखादा पाचव्या सर्किटचा असेल तर तो गांभीर्याने घ्या. कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाचा असेल तर त्याचे वजन फक्त युक्तिवादापुरते. जिल्हा न्यायालयाचा निकाल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या न्यायाधीशालाही बांधत नाही. २०२१च्या फोर्ड प्रकरणाचा आधार वादी बहुधा घेईल. पण फोर्डने त्या राज्यांत डीलर, जाहिराती आणि दुरुस्तीचे जाळे स्वतः उभारले होते, आणि निकालात त्या वस्तुस्थितीवर बराच भर आहे.

त्यामुळे तुमची लढाई आकड्यांवर होईल. टेक्सासमध्ये तुमची किती कास्टिंग्ज गेली आणि ते तुम्हाला माहीत होते का? फाउंड्रीतल्या जबाबदार माणसाचे प्रतिज्ञापत्र हा इथला मुख्य पुरावा. अमेरिकी कायद्यात यासाठी नोटरी लागत नाही. देशाबाहेर सही करताना 'अमेरिकेच्या कायद्यानुसार, खोटे निघाल्यास शिक्षेस पात्र राहून' अशा अर्थाचे ठरावीक वाक्य तारखेसह लिहावे लागते. ते वाक्य गाळले तर प्रतिज्ञापत्र बाजूला पडू शकते. त्यात काय हवे: गेल्या पाच-सहा वर्षांची राज्यवार माहिती तुमच्याकडे आहे की नाही, इन्व्हॉइस कोणाच्या नावे निघते, माल एफओबी न्हावा शेवा (तिथे जहाजावर चढला की तुमची जबाबदारी संपते, अशा अटीवर) जातो का, कास्टिंगची ड्रॉइंग्ज कोणी दिली, वितरकाच्या विक्रीवर तुमचे नियंत्रण आहे का, हमीपत्र कोण देते. आणि नको असलेली माहितीही आधीच वकिलाला सांगा. ह्यूस्टनच्या ऑफशोअर टेक्नॉलॉजी कॉन्फरन्समध्ये कधी स्टॉल लावला असेल, विक्री प्रतिनिधी ह्यूस्टनला जाऊन आला असेल, एखादा डबा थेट टेक्सासच्या ग्राहकाच्या पत्त्यावर गेला असेल, तर ते लपवू नका. न्यायाधीश अधिकारक्षेत्रापुरता मर्यादित पुरावाशोध (समोरच्याकडून कागद आणि ईमेल मागवणे) मंजूर करू शकतात. मग 'प्लीज शिप डायरेक्ट टू ह्यूस्टन' असा एक ईमेल बाहेर आला की मुद्दा तर जातोच, पुढच्या साऱ्या दाव्यात तुमच्या शब्दावरचा विश्वासही जातो.

वितरकाशी बोलताना टेक्सास कायद्यातली एक अडचण लक्षात ठेवा. तिथल्या प्रॉडक्ट लायबिलिटी कायद्याप्रमाणे ज्याने वस्तू बनवली नाही असा विक्रेता सहसा जबाबदार धरला जात नाही, पण उत्पादक कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात येत नसेल तर हे संरक्षण उठते. म्हणजे तुम्ही अधिकारक्षेत्रावर जिंकलात की बोजा वितरकाच्या डोक्यावर जातो, आणि मग त्याचे वकील तुमच्याविरुद्ध पुरावे शोधतात. शिवाय उत्पादकाने विक्रेत्याची भरपाई करावी अशीही तरतूद त्याच कायद्यात आहे आणि सुटा भाग बनवणाराही 'उत्पादक'च्या व्याख्येत येतो. वर्षानुवर्षांचा धंदा टिकवायचा असेल तर खर्च कोण किती सोसणार, हे अर्ज दाखल करण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या.

दुसरा अधिकारक्षेत्राचा प्रश्न वेगळाच आहे: हा दावा फेडरल कोर्टात येतोच कसा? नुकसानभरपाईचा साधा दावा राज्याच्या कायद्याखाली असतो. तो फेडरल कोर्टात चालायचा तर पक्षकार वेगवेगळ्या नागरिकत्वाचे हवेत आणि रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त हवी. वादी कॉर्पोरेशन असेल तर नोंदणीचे राज्य आणि मुख्यालयाचे राज्य पाहतात. एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) किंवा भागीदारी असेल तर प्रत्येक सदस्याचे नागरिकत्व मोजतात. वादीचा एखादा भागीदार परदेशी नागरिक निघाला आणि प्रतिवादीही परदेशी, तर फेडरल कोर्टाला हा दावा ऐकताच येत नाही. २००४चे ग्रुपो डेटाफ्लक्स प्रकरण ह्यूस्टनमधलेच. टेक्सासच्या भागीदारीचे दोन भागीदार दावा लावताना मेक्सिकन होते, प्रतिवादी कंपनीही मेक्सिकन. सुनावणीच्या महिनाभर आधी ते दोघे भागीदारीतून बाहेर पडले, ज्युरीने वादीला साडेसात लाख डॉलर दिले, आणि तरीही सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सगळे रद्द ठरवले, कारण दावा दाखल झाला त्या दिवशीचे नागरिकत्वच धरायचे असते. हा मुद्दा कधीही काढता येतो, पक्षकारांनी सोडून दिला तरी सुटत नाही. अमेरिकेतले आपले अनेक मराठी वितरक एलएलसी करतात आणि त्यात भाचा किंवा मेहुणा एच-१बी व्हिसावर सदस्य असतो. असा वितरकच भारतीय कंपनीवर फेडरल दावा लावतो तेव्हा हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. डिसेंबर २०२२ पासून अशा दाव्यांत प्रत्येक पक्षकाराला नागरिकत्वाचे निवेदन दाखल करावे लागते. ते दोन-तीन पानी कागदपत्र मागवून वाचा.

आता जोडलेले निकाल कसे वाचायचे. पहिल्या पानावर क्रमांक असतो, समजा ४:२४-सीव्ही आणि पुढे आकडे. टेक्सासच्या दक्षिण जिल्ह्यात ४ म्हणजे ह्यूस्टन, २४ म्हणजे दाखल झाल्याचे वर्ष, सीव्ही म्हणजे दिवाणी. त्यानंतर प्रकरण कोणत्या अर्जावर ठरले ते शोधा. दावा फेटाळण्याच्या अर्जावरचा निकाल असेल तर न्यायाधीशाने वादीची सगळी विधाने तूर्त खरी मानलेली असतात. 'प्रतिवादीने सदोष माल पाठवला' असे वाक्य त्यात दिसले तरी ते सिद्ध झालेले नसते. ट्रायलआधीच्या संक्षिप्त निकालात वादग्रस्त गोष्टी, ज्याने अर्ज केलेला नाही त्या पक्षाच्या बाजूने झुकवून वाचतात. गैरहजेरीतला निकाल असेल तर समोर कोणी बोललेच नव्हते, म्हणून परदेशी कंपनीविरुद्धचे असे निकाल जमवून घाबरवणे सोपे असते. शेवटच्या परिच्छेदात 'पूर्वग्रहाविना' असे असेल तर तोच दावा पुन्हा लावता येतो. मॅजिस्ट्रेट न्यायाधीशाचा अहवाल असेल तर तो शिफारस असतो. १४ दिवसांत हरकत घेता येते आणि जिल्हा न्यायाधीश तो बदलू शकतात. नंतर अपिलात काय झाले तेही पाहा. पेसर या सरकारी संकेतस्थळावर पानाला १० सेंट आणि एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर पडतात. तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ असतो आणि न्यायाधीशांची निकालपत्रे विनामूल्य मिळतात. पूर्ण डॉकेट (प्रकरणात दाखल झालेल्या सगळ्या कागदांची नोंदवही) वाचल्याशिवाय कोणत्याही निकालावर मत बनवू नका.

करार कोणत्या कायद्याखाली वाचायचा यावरही गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करार अमेरिकेने स्वीकारला आहे, भारताने नाही, आणि अमेरिकेने घातलेल्या अटीमुळे दोन्ही देश सदस्य असतील तरच तो आपोआप लागतो. त्यामुळे वितरकाशी असलेल्या तुमच्या खरेदी ऑर्डरवर ओहायोसारख्या राज्याचा व्यापारी कायदा किंवा करारात लिहिलेला कायदा लागेल. त्या ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लवादाचे कलम आहे का, ते आजच पाहा. असेल आणि वितरकाने तुमच्यावर उलटा दावा केला तर लवादाची मागणी लगेच करा. दाव्यात भाग घेत राहून नंतर लवाद मागितला तर हक्क सोडला असे धरले जाऊ शकते. समोरच्याचे नुकसान झाले नाही ही सबब २०२२च्या मॉर्गन निकालानंतर चालत नाही.

पुरावा जपणे हे वकील नेमण्याआधीचे काम. मेल्टिंग रजिस्टर, स्पेक्ट्रोचे रिपोर्ट, टेस्ट बार, डिस्पॅच चलन, आणि विक्री विभागाचे व्हॉट्सॲप ग्रुप: आपोआप डिलीट होण्याची सोय आजच बंद करा, जुने मोबाइल बदलू नका. हेतुपुरस्सर नष्ट केले असे ठरले तर 'ते तुमच्याविरुद्धच होते' असे गृहीत धरायला न्यायाधीश ज्युरीला सांगू शकतात.

समजा दुर्लक्ष केले, तर? एकतर्फी हुकूमनामा होईल. अमेरिका भारताच्या दृष्टीने परस्पर अंमलबजावणीचा देश नाही, त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली कोल्हापूरच्या कोर्टात थेट दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) लावता येत नाही. वादीला त्या हुकूमनाम्यावर भारतात नवा दावा करावा लागतो, निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत, आणि परदेशी निकाल का मानू नये हे सांगणारे कलम १३ चे आक्षेप तुम्हाला मिळतात. गुणदोष न तपासता दिलेला एकतर्फी निकाल भारतात टिकत नाही हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणात सांगितले आहे. पण अमेरिकी न्यायाधीशाने गैरहजेरीतही पुरावा घेऊन कारणे लिहिली तर हे कवच पातळ होते. आणि खरा फटका तिकडेच बसतो: तुमच्या इतर अमेरिकी ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, गोदामातला माल, बँकेतली शिल्लक यांवर वसुली लागू शकते. अमेरिकेत येणे बाकी असलेल्या निर्यातदाराने हा धोका घेऊ नये.

उलट बाजूही नीट समजून घ्या. अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेऊन हरलात तर तो मुद्दा अमेरिकेतल्या वसुलीच्या वेळी पुन्हा काढता येत नाही, आणि त्या आदेशाविरुद्ध सहसा लगेच अपीलही होत नाही. अंतिम निकालापर्यंत थांबावे लागते, मग ३० दिवसांत अपील. गुणदोषांवर बाजू मांडली की भारतातही 'अधिकारक्षेत्र नव्हते' असे म्हणणे कठीण होते. त्यामुळे आकडे हातात आल्यावर, म्हणजे टेक्सासमध्ये किती माल गेला हे कळल्यावर, निर्णय दोनपैकी एक घ्या. माल तुरळक गेला असेल तर आक्षेप पूर्ण ताकदीने लढवा. दरवर्षी नियमित गेला असेल, तर पाचव्या सर्किटमध्ये तो पैसा आक्षेपावर खर्च करण्यापेक्षा धातुशास्त्राचा तज्ज्ञ नेमून फुटलेल्या तुकड्याची संयुक्त तपासणी मागा. पंप गळतीने फुटला, दाब मर्यादेबाहेर गेला की कास्टिंगमध्ये पोकळी होती, हे त्या तुकड्यावरूनच कळेल. तो वादीच्या ताब्यात आहे, म्हणून तो कापू नये, घासू नये, असे पत्र तुमच्या वकिलाने पहिल्या आठवड्यातच पाठवलेले असावे.